सायलेन्सरचं पॅकिंग दोनदा बदललं, तरी घाट उतरताना फटाके!

घाटउतार (रविवार, रात्री ९.४०)

मंडळी, डोकं पिकलंय म्हणून धागा काढतोय.

वडिलांची शंभर सीसी आहे, २००८ सालची, कार्बुरेटरवाली. मी राहतो वाईत, नोकरी पाचगणीला. सकाळी चढताना काही तक्रार नाही. संध्याकाळी पसरणी घाट उतरताना थ्रॉटल सोडलं की सायलेन्सरमधून फट्, फट्, फटाक्! परवा वळणावर एक आजोबा छत्री उगारून उभे राहिले, त्यांना वाटलं मी मुद्दाम करतोय.

दुसरं म्हणजे, सकाळी गार गाडी सुरू केली की इंजिनच्या हेडपाशी टिक टिक आवाज येतो, चार-पाच मिनिटांनी आपोआप जातो. बेंड पाईप हेडला बसतो तिथं बोट लावलं की काजळी येते.

मिस्त्री आधी म्हणाले टॅपेट (व्हॉल्व्हची फट). सेट केले, फरक शून्य. मग म्हणाले पॅकिंग, म्हणजे हेड आणि पाईपमधली रिंग, गेलंय. नवीन टाकलं, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. दुसऱ्यांदा टाकताना वरून लाल सिलिकॉन थापलं. ते बारा दिवस चाललं, आणि आता आवाज आधीपेक्षा जास्त.

स्पेअरच्या दुकानात गेलो तर काउंटरवर तीन प्रकारच्या रिंगा ठेवल्या. एक तांब्याच्या पत्र्यात गुंडाळलेली जाडसर, एक करडी, हाताला काळं लागणारी, आणि एक नुसतं तांबं. कोणती घेऊ विचारलं तर "सगळ्या चालत्यात." तिन्ही घेऊन आलो. चाळीस-चाळीस रुपयांचा मामला आहे, पण दर वेळी मजुरी जाते ना.

तर कोणती टाकू? आणि हे घरी जमण्यासारखं काम आहे का? दहाचा टी-पाना आहे, रिंग पाने आहेत, रविवार मोकळा असतो.

---

दहाचा_पाना (रविवार, रात्री १०.१५)

काजळी आहे म्हणजे लीक आहे, यात शंका नको. गार असताना टिकटिक आणि गरम झाल्यावर गायब, हेही त्याचंच लक्षण. तापल्यावर धातू फुगतो, फट बुजते, आवाज बंद. टॅपेटचा आवाज असा पाच मिनिटांत सहसा पळत नाही.

फटाक्याचं कारण असं. थ्रॉटल बंद करून उतरता तेव्हा इंजिन फिरत असतं पण आत नीट जळत नाही, थोडं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं. एक्झॉस्टमध्ये दाबाच्या लाटा असतात, दर धक्क्यामागून क्षणभर उलटी ओढ लागते. जोड सैल असेल तर तिथून बाहेरची हवा आत शिरते. गरम पाईप, कच्चं पेट्रोल आणि ताजी हवा, की झालं फट्!

आधी लीक नेमकं कुठून आहे ते बघा. सकाळी गाडी पूर्ण गार असताना जोडाभोवती साबणाचं पाणी ब्रशनं लावा आणि सुरू करा. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातच काय तो फेस दिसेल, मग पाणी वाळून जातं. दुसरी युक्ती म्हणजे जाड ओलं फडकं दुमडून सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबायचं. जोड घट्ट असेल तर इंजिन गुदमरतं. फडकं दाबूनही गाडी खुशाल चालली आणि पुढून फुसफुस वाढली, तर गळती पुढं आहे. हात भाजून घेऊ नका.

---

कोरडा_चोक (रविवार, रात्री १०.३२)

लीक असेलही, पण नुसत्या फटाक्यावरून पॅकिंगला फाशी देऊ नका. स्लो मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असलं तरी उतारावर असंच होतं. कार्बुरेटरचा एअर स्क्रू बघितला का कुणी?

---

दहाचा_पाना (रविवार, रात्री १०.३६)

चोकभाऊ, काजळी एअर स्क्रूमुळे येत नाही. आधी लीक, मग कार्ब. लीक असताना कार्ब सेट केला तर ते सेटिंग लीक गेल्यावर चुकीचंच ठरणार.

---

कोरडा_चोक (रविवार, रात्री १०.४१)

मान्य. पण लक्षात असू द्या म्हटलं.

---

घाटउतार (सोमवार, सकाळी ७.२०)

साबणाचा प्रयोग केला. आईनं भांड्याचा साबण दिला आणि वर विचारलं, गाडी घासतोयस का? फेस आला, पण गंमत म्हणजे फक्त खालच्या बाजूनं. वरची बाजू कोरडी ठणठणीत.

---

दहाचा_पाना (सोमवार, सकाळी ८.०५)

सापडलं! एकाच बाजूनं फेस येतो याचा अर्थ रिंग वाईट नाही, पाईप तिरका बसलाय. मिस्त्रींनी बहुतेक मागचा, फूटरेस्टजवळचा सायलेन्सरचा बोल्ट आधी आवळला आणि मग पुढचे दोन नट. मागून पाईप ताणला गेला की पुढचा फ्लँज, म्हणजे पाईपच्या तोंडाची चपटी पट्टी, हेडवर सपाट बसूच शकत नाही. नट कितीही पिळा, रिंग एका कडेला चेपते आणि दुसऱ्या कडेला उघडी राहते. पंधरा दिवसांत ती कड जळते, की पुन्हा दुकान.

क्रम उलटा हवा. सगळं सैल लावायचं, मागचा बोल्ट नुसता अडकवून ठेवायचा. पुढचे दोन नट बोटानं बसतील तेवढे बसवायचे, मग पान्यानं आलटून पालटून, एकदा डावा अर्धा फेरा, एकदा उजवा अर्धा फेरा. अधूनमधून वाकून बघायचं, फ्लँज आणि हेड यांच्यातली फट दोन्हीकडे सारखी आहे ना. हॅकसॉचं तुटकं पातं घाला, दोन्हीकडे सारखंच सरकलं पाहिजे. पुढचं पक्कं झालं की मगच मागचा बोल्ट. मागचं भोक जुळत नसेल तर ओढून आणू नका, ब्रॅकेट थोडं वाकवा किंवा वॉशर घाला.

सहा एमएमच्या स्टडवर (हेडमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा) नट साधारण १० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर असं समजा: दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा भार. मनगटानं, खांद्यानं नाही. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

---

येझदीवाली (सोमवार, दुपारी १.५०)

रिंगांबद्दल मी बोलते, आमच्या घरात त्याच्यावर भांडणं झालीत.

तुमच्याकडं आहे ती तांब्याच्या पत्र्यात गुंडाळलेली, ती चेपण्यासाठीच केलेली असते. आत मऊ भरण, वर पातळ पत्रा. आवळली की फ्लँजच्या आणि हेडच्या खाचखळग्यांत जाऊन बसते. एकदाच वापरायची. काढली की फेकायची, कितीही चांगली दिसू दे. तुमच्या गाडीला मी हीच टाकली असती.

करडी ती ग्राफाइटची. बसते झकास, पण हवा लागून फार तापली तर हळूहळू झिजून उडून जाते. पाईप आणि सायलेन्सर जिथं जुळतात तिथं ती उत्तम, कारण तिथवर गॅस बराच निवलेला असतो.

नुसतं तांबं मला सगळ्यात आवडतं, पण त्याला समोरचे दोन्ही पृष्ठभाग सपाट लागतात. ते फारसं चेपत नाही, खड्डा भरून काढत नाही. आणि एकदा दाबलं गेलं की कडक होतं. त्याला पुन्हा मऊ करायचं तर गॅसवर मंद लाल होईतो तापवा आणि पाण्यात टाका. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मऊच होतं. पाण्यात टाकल्यानं वरची काळी खपली तेवढी सुटते. तांबं मऊ झालं का ते कसं ओळखायचं? फरशीवर टाका. कडक रिंग ठण्ण वाजते, मऊ झालेली थप्प करून पडते. बाबा आम्हाला लहानपणी डोळे मिटून ओळखायला लावायचे.

आमच्या येझदीला स्टड-नट नाहीतच, सिलिंडरच्या तोंडावर पंख्यांचा मोठा गोल नट असतो, तो हूक पान्यानं आवळायचा. तो सैल पडला आणि तसंच चालवत राहिलं की हादऱ्यानं आटे खाऊन टाकतो. मी कॉलेजात असताना "उद्या बघू" करत तीन महिने चालवली आणि आटे घालवले. उद्यमनगरात लेथवाल्याकडं नेली, त्यांनी आटे बघितले, मग माझ्याकडं बघितलं, आणि काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

---

लाल_ट्यूब (सोमवार, दुपारी ३.१०)

सिलिकॉनला उगाच नावं ठेवताय सगळे. माझ्या गाडीला लाल सिलिकॉन लावून दोन वर्षं झाली, थेंबभर लीक नाही.

---

दहाचा_पाना (सोमवार, दुपारी ३.२५)

कुठं लावलंय? हेडच्या तोंडावर की मागं क्लॅम्पजवळ?

---

लाल_ट्यूब (सोमवार, दुपारी ३.३१)

मागं, क्लॅम्पजवळ.

---

दहाचा_पाना (सोमवार, दुपारी ३.४०)

मग बरोबर आहे, तिथं टिकणारच. ट्यूबवर लिहिलेलं असतं, साधारण तीनशे अंशांच्या आसपास त्याची हद्द. हेडच्या तोंडाशी भरधाव गाडीचा गॅस सहाशेच्या वर जातो. तिथं सिलिकॉन जळून भुकटी होतं, आणि भुकटी गेली की जेवढा थर होता तेवढी फट नवीन तयार. घाटउतार यांचं बारा दिवसांत जास्त बिघडलं ते त्यामुळेच.

---

लाल_ट्यूब (सोमवार, दुपारी ३.४४)

हे पटलं.

---

जुनाखोका (सोमवार, रात्री ९.०५)

सगळं वाचलं. एकच प्रश्न, घाटउतार. पहिल्यांदा पॅकिंग बदललं तेव्हा जुनी रिंग बाहेर निघालेली तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितली का?

---

घाटउतार (सोमवार, रात्री ९.१२)

नाही. मी चहा प्यायला गेलो होतो.

---

जुनाखोका (सोमवार, रात्री ९.२०)

मग शंका आहे. दहा-पंधरा वर्षं जुनी रिंग पोर्टच्या (हेडमधल्या धुराच्या तोंडाच्या) आत अशी चिकटते, काळी पडते, की ती हेडचाच भाग वाटते. घाईत माणूस नवीन रिंग तिच्यावरच ठेवतो. दोन रिंगा झाल्या की फ्लँज पुढं सरकतो, नट नीट पकडत नाहीत, आणि खालची जुनी रिंग कडक असल्यानं वरची सपाट बसत नाही. माझ्याकडच्या एका गाडीत मी एकावर एक तीन काढल्या आहेत. थर मोजून सांगता येत होतं, गाडी किती गॅरेज फिरली ते.

काढताना पोर्टमध्ये टॉर्च मारा आणि बारीक आकड्यानं किंवा जुन्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं कडेकडेनं उचका. हेड अॅल्युमिनियमचं आहे, ओरखडा पडला की तिथून पुन्हा लीक. छिन्नी-हातोडा अजिबात नाही. आणि फार जुन्या रिंगांत अॅसबेस्टॉस असू शकतं, कोरडी घासून धूळ उडवू नका, ओली करून काढा.

---

संत्रानगर (मंगळवार, सकाळी ११.००)

भाऊ, थोडं विषयांतर करतो. माझी बीएस सिक्स आहे. तिलाही असाच आवाज यायला लागला आणि वर इंजिनचा दिवा लागून राहिला. हे एकाच भानगडीतलं आहे का?

---

दहाचा_पाना (मंगळवार, सकाळी ११.३०)

असू शकतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना बेंड पाईपवर किंवा हेडजवळ ऑक्सिजन सेन्सर असतो. सेन्सरच्या आधी लीक असेल तर बाहेरची हवा आत येते, सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बिचारा पेट्रोल वाढवत बसतो. अ‍ॅव्हरेज पडतं, दिवा लागतो. पण दिव्याची कारणं पन्नास असतात, आधी स्कॅन करून कोड वाचून घ्या. आणि तुमच्या गाडीत जोडाजवळ काहीही थापू नका, सिलिकॉनच्या वाफेनं सेन्सर खराब होतो.

---

घाटउतार (रविवार, दुपारी २.३०)

आज काम काढलं. चांगली बातमी, वाईट बातमी.

चांगली म्हणजे जुनाखोका, तुमच्या पाया पडतो. आत एक नाही, दोन जुन्या रिंगा निघाल्या. एक काळीकुट्ट, कोळशासारखी, तिचे तुकडेच बाहेर आले. तिच्यावर मागच्या खेपेची, लाल भुकटी चिकटलेली. म्हणजे मूळची जी होती ती कुणी काढलीच नव्हती.

वाईट म्हणजे उजवा स्टड तुटला. नट गंजून स्टडला एकजीव झाला होता. मी टी-पान्यावर जोर दिला, आधी कर्र आवाज आला, मग पाना एकदम हलका झाला. तो हलकेपणा मला आयुष्यभर आठवेल. चार-पाच एमएम बाहेर शिल्लक आहे. गाडी तशीच अंगणात, वरून गोणपाट. उद्या एसटीनं जाईन.

---

येझदीवाली (रविवार, दुपारी २.४८)

अरेरे! पण बाहेर शिल्लक आहे ना, मग रडू नका. आत तुटला असता तर खरा ताप होता. आज रात्री मुळाशी गंज सोडवायचं तेल भरपूर सोडून ठेवा, परत परत.

---

जुनाखोका (रविवार, दुपारी ३.१५)

चार-पाच एमएमवर दोन नट आवळून काढायची युक्ती चालणार नाही, आटे पुरणार नाहीत. आणि कृपा करून इझी-आउट (तुटका स्टड काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालू नका. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर ड्रिलसुद्धा त्याला शिवत नाही.

चांगला वेल्डर गाठा. तुटक्या स्टडवर मोठा नट ठेवून नटाच्या भोकातून आत वेल्ड भरायचा. स्टड लालबुंद तापतो, गंजाची पकड सुटते, थोडं निवलं की पाना लावून पुढं-मागं हलवत काढायचा. अॅल्युमिनियमला वेल्ड चिकटत नाही, त्यामुळे हेडला भीती कमी. बॅटरीच्या वायरी आधी काढा. त्यातूनही नाही निघाला तर मधोमध ड्रिल. सहा एमएमच्या आट्यासाठी भोक पाच एमएमचं लागतं. आटे गेलेच तर हेलिकॉइल (भोकात बसवायची तारेची नवी आटेरी) आहेच.

---

घाटउतार (बुधवार, रात्री ८.५०)

निघाला!! मिनीडोरमध्ये गाडी टाकून साताऱ्याला नेली. वेल्डर म्हणजे पंचविशीतला पोरगा, कानात हेडफोन. नट ठेवला, चर्र केलं, चहा घेतला (या वेळी मी हललो नाही), आणि पान्यानं असा काढला जसा बाटलीचं झाकण. दोन्ही स्टड नवीनच टाकले, नट पितळी घेतले, त्यांनी सांगितलं की हे गंजून चिकटत नाहीत. स्टडच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं.

उद्या सकाळी रिंग. एक अडचण, तोंड पुढं आणि खाली असल्यामुळे रिंग ठेवली की खाली पडते. पाईप लावेपर्यंत तिसऱ्यांदा गवतात शोधतोय.

---

येझदीवाली (बुधवार, रात्री ९.००)

रिंगेच्या पाठीला तीन ठिकाणी बोटाच्या टोकाएवढं साधं ग्रीस लावा, चिकटून राहते. पहिल्या दहा मिनिटांत जळून जाईल, थोडा धूर दिसेल, घाबरू नका. काही जुन्या गाड्यांत फ्लँजच्या आत दोन अर्ध्या कड्या असतात, त्या दोऱ्यानं बांधून बसवायच्या. दोरा जळून जातो.

---

घाटउतार (गुरुवार, सायंकाळी ७.३०)

बसवली. तांब्याच्या पत्र्याचीच टाकली. मागचा बोल्ट शेवटी. मागचं भोक खरंच अर्धा सेंटिमीटर बाजूला होतं! म्हणजे इतकी वर्षं पाईप ताणूनच बसवला जात होता. ब्रॅकेट थोडं वाकवलं, एक वॉशर घातला, मग बोल्ट हातानं आत गेला. हॅकसॉचं पातं दोन्हीकडे सारखं. साबणाचं पाणी लावून सुरू केली, एकही बुडबुडा नाही. ग्रीसचा धूर आला तेव्हा आई घरातून पळत बाहेर.

---

दहाचा_पाना (गुरुवार, सायंकाळी ७.४५)

शाब्बास. एक करा. दोन-तीन दिवस चालवल्यावर गाडी पूर्ण गार असताना नट पुन्हा एकदा तपासा. ती रिंग तापून-गार होऊन थोडी आणखी बसते. गरम असताना आवळू नका.

---

घाटउतार (तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०.१०)

अपडेट. नट तपासले, डावा पाव फेरा गेला, उजवा जागचा हलला नाही. सकाळची टिकटिक गेली. पाचगणीहून उतरताना शांतता, छत्रीवाले आजोबा परवा दिसले, त्यांनी मान हलवली.

फक्त एक. दुसऱ्या गिअरमध्ये एकदम थ्रॉटल सोडलं की अगदी बारीक एखादा फट् अजून येतो. काजळी कुठंच नाही, साबणाला फेस नाही.

---

कोरडा_चोक (रविवार, सकाळी १०.१४)

मी पहिल्याच रात्री काय म्हणालो होतो?

स्क्रू कार्बच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. इंजिनकडच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. आधी मोजून ठेवा किती फेरे बाहेर आहे ते. गाडी गरम करा आणि एका वेळी पाव फेराच.

---

घाटउतार (रविवार, सकाळी १०.२०)

इंजिनकडच्या बाजूला आहे. दीड फेरा बाहेर. स्क्रू ड्रायव्हर घेऊन अंगणात निघालो.